पार्वतीबायच्या हाडाचा आकडा

काल्हेरच्या पार्वतीबायला नसत्या चौकशा फार, असं तिची धाकटी जाऊ कमळ उघड म्हणते. खोटं कशाला बोला, आहेच तसं. खाडीच्या चिखलात निवट्या मासळी धरत वाढलेली बाई ती. बिळात हात घालून आत काय आहे ते कळल्याशिवाय तिला चैन पडायची नाही. आता शेतावर गोदामं आली, मुलगा मनोज ट्रकांच्या धंद्यात पडला. तरी दारासमोर ट्रक थांबला की ही विचारणारच, "क्या भरेला है?" ड्रायव्हरही आता आपण होऊन सांगून टाकतात.

ठाण्याच्या हॉस्पिटलातली मृणाली डॉक्टर गावात आली आणि म्हणाली, म्हाताऱ्या बायकांची हाडं मोडू नयेत म्हणून नवी गोळी निघालीय, ती तपासायचीय. सगळ्यांच्या आधी पुढे सरसावली ती अर्थात पार्वतीबाय. कॉम्प्युटरने चिठ्ठ्या टाकाव्यात तशी नावं वाटली. निम्म्या बायकांना कॅल्शियम आणि नवी गोळी, निम्म्यांना नुसतं कॅल्शियम. पार्वतीबायला गोळी आली, कमळला नाही. एका घरातल्या दोघी जावा, आणि पंगतीत एकीलाच लाडू वाढावा असं झालं. कमळ कितीतरी दिवस फुगून बसली होती.

वर्षाने मशीनखाली झोपवून हाडं किती घट्ट ते पुन्हा मोजलं. पार्वतीबायचा आकडा चढला, कमळचा होता तिथेच राहिला. मग काय, पार्वतीबायचा तोरा विचारू नका. पण डोक्यात किडा वळवळायला लागलाच. हाड घट्ट झालं हे मशीनने सांगितलं ना? मग ही डॉक्टर पोरगी दर महिन्याला फोन करून पडलात का, मोडलं का, असं कशाला विचारते? मी पडायची वाट बघते की काय?

एकदा तिने ते तोंडावर विचारलं. मृणाली हसली आणि नीट बसून सांगायला लागली. आकडा लवकर कळतो, हाड मोडतं की नाही हे कळायला वर्षं जातात, म्हणून सगळ्यांना आकड्यावर विसंबायची घाई. एरवी घट्ट हाड कमी मोडतं हे खरं. पण गोळी देऊन घट्ट केलेलं हाडही तसंच वागेल का, हे वेगळं तपासावं लागतं. पार्वतीबायला ते झटकन उमगलं. युरिया मारला की भात हिरवंगार दिसतं, येणारा-जाणारा वाहवा करतो आणि झोडायला घेतलं की निम्मं पोचट. मृणाली म्हणाली, अगदी तस्संच. म्हणून तर गोळीवाल्या आणि बिनगोळीच्या अशा दोन्ही बायका लागतात.

पुढे काही वर्षांनी कमळच्या मुलाची, भाविकची हळद आली. आता आगऱ्यांच्या हळदीत म्हातारी बाई कोपऱ्यात बसेल? आकडा चढलाय म्हणत पार्वतीबाय मांडवात नाचायला उतरली, सांडलेल्या पाण्यावर घसरली आणि मनगटावर आपटली. तिला अडखळून कमळही आपटली, पण ती लुगडं झटकून उठली. पार्वतीबायचा हात मोडला होता.

हॉस्पिटलात न्यायला मनोज गाडी काढत होता. हिने साफ नाही म्हटलं आणि हाडवैद्याकडून पट्टी बांधून घेतली. आजी आजी करत पाठीवरून हात फिरवणारी पोरगी. तिच्या गोळीला आपल्यामुळे बट्टा लागायला नको. फोन आला तेव्हा तिने ठणकावून सांगितलं, मना काय झाला न्हाय.

आणि मग एका दुपारी मृणाली पेढे घेऊन घरी आली. झाकली मूठ सव्वा लाखाची असं मनाशी म्हणत पार्वतीबायने हात पदराखाली घेतला. मृणालीच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. गोळीवाल्या बायकांत हाड मोडल्याचं जवळजवळ कुणी सांगितलंच नव्हतं; कॅल्शियमवाल्यांत मात्र बऱ्याच जणींनी सांगितलं होतं. अहवाल आता वर जाणार, मग गोळी सगळीकडे मिळणार.

"माझ्या आईलाच पहिली देणार आहे, आजी," ती म्हणाली.

पार्वतीबायने हातातला पेढा परत पुड्यात ठेवला. तिने पदर बाजूला केला.

मृणालीने पट्टी पाहिली. रागावली नाही. हात हलकेच आपल्या मांडीवर घेतला आणि कधी झालं ते विचारलं. पार्वतीबायचे डोळे भरून आले. म्हणाली, माज्यामुळं तुजी गोळी वाईट ठरली. मृणाली म्हणाली, एका हातावरून काहीच ठरत नाही. गोळी नसती तर दोन्ही हात मोडले असते, की एकही नसता, हे कुणाला दिसणार? एकीचं कळत नाही म्हणून तर सगळ्यांचं खरं लागतं.

"सगल्यांचा?" पार्वतीबायने डोळे पुसले. मग हळूच म्हणाली, "चंद्राची बरगडी मोडली व्हती. मेघालीच्या सासूचा पाय. त्यांनी पन न्हाय सांगितला तुला."

मृणालीने नावं मनातल्या मनात घोळवली. दोघीही गोळीवाल्या. कॅल्शियमवाल्यांनी का नाही लपवलं मग, असं ती जवळजवळ स्वतःलाच विचारत होती.

उत्तर दिलं कमळने, दारात उभ्या उभ्या. "आमी कशाला लपवू? आमाला कुनी काय दिला व्हता? गोली मिलाली त्या तुज्या उपकाराखाली दबल्या."

मृणालीने चपला घातल्या आणि चंद्राचं घर कुठलं ते विचारलं. पार्वतीबाय म्हणाली, तू एकटी गेलीस तर ती हसून चहा पाजेल आणि परत पाठवेल.

चंद्राने खरंच हसून चहा टाकायला घेतला. मला काय धाड भरलीय, म्हणाली; एक हात मात्र बरगडीशी होता. पार्वतीबाय तिच्याजवळ जाऊन बसली.

"सांग गो तिला," ती म्हणाली. "तिची आई ती गोली खानार हाय."

चंद्राने गॅस बंद केला आणि मृणालीसमोर येऊन बसली.