ट्रकच्या टपावरून भाव

माझा मामा काष्टीच्या बाजारात बैलांचा दलाल होता. चाळीस वर्षांत त्याने बाजारात एकदाही तोंडाने भाव सांगितला नव्हता. विकणाऱ्याचा हात हातात घ्यायचा, वर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून आकडा ठरवायचा. मग तोच हात घेणाऱ्याकडे न्यायचा. जमलं की रुमाल उचलायचा आणि बैलांच्या पाठीवर गुलाल टाकायचा. भोवती शंभर माणसं उभी असली, तरी आकडा रुमालाबाहेर पडत नसे. मामीलाही तो वांग्याचा भाव बोटं दाबूनच सांगतो, असं मी गावभर केलं होतं. मामीने ते कधी नाकारलं नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं, त्या वर्षी कोपरगावकडच्या एका ऊसवाहतुकीच्या ठेकेदाराने मामाकडे गाडीला जुंपायच्या दहा जोड्या मागितल्या. एरवी तो स्वतः यायचा. यंदा कारखान्याचा बॉयलर पेटायला आला होता आणि त्याला जागचं हलता येत नव्हतं. प्रत्येक जोडीचा भाव आपल्याला फोनवर विचारायचा आणि मगच सौदा करायचा, अशी त्याची अट. फोन होता माझ्या एसटीडी बूथवर, बाजारापासून दहा मिनिटांवर. मामा धावत यायचा, रांगेत थांबायचा, विचारून परत जायचा, तोवर जोडी दुसऱ्याने नेलेली असायची. दोन शनिवार रिकामे गेले. ठेकेदाराने सरळ सांगितलं की अजून दोन बाजार बघतो, नाहीतर दुसरा दलाल धरतो.

म्हणून मामाच्या मनात मोबाईल आला. आणि तो घ्यावा की नाही हे ठरवायचं काम त्याने मला दिलं. बूथवाल्याला मोबाईलची परीक्षा करायला लावणं म्हणजे मांजराला दुधाची चव विचारण्यासारखं होतं, पण उलटं. निकाल काय लावायचा ते माझं आधीच ठरलं होतं.

कंपनीचा विक्रेता नगरहून आला. टाय होता, घाम होता, आणि हातात नकाशा होता. जिथे जिथे रेंज आहे तो भाग नकाशात हिरवा रंगवलेला. आमच्या तालुक्यात इतकं हिरवं मी भर श्रावणातही पाहिलं नव्हतं. त्याने दोन प्लॅन मांडले. एकात महिन्याचं भाडं कमी पण मिनिटाचा दर चढा, दुसऱ्यात भाडं जास्त पण बरीचशी मिनिटं फुकट. दोन्हींत आलेल्या फोनचेही पैसे पडत. हे ऐकून मामा जागचा उठला.

"म्हंजी बोलनार त्यो, आन् भरायचं मी?"

विक्रेत्याने ते तीनदा समजावलं. मामाला ते पहिल्याच वेळी समजलं होतं, पटलं नव्हतं.

प्लॅनचा हिशेब मी मन लावून केला. मामाच्या बोलण्याचं मीटर रोज माझ्यासमोरच पळायचं. त्याचा सगळ्यात छोटा फोन साडेचार मिनिटांचा. त्यातली चार मिनिटं समोरच्याच्या घरची माणसं, गुरं, पाऊस आणि गुडघे यांत जायची. अशा माणसाला फुकट मिनिटांचाच प्लॅन हवा, हे मी कागदावर लिहून दिलं.

मग रेंज. विक्रेत्याने एक हँडसेट आठवडाभर वापरायला दिला. वजन असं, की मारका बैल आडवा व्हावा. तो घेऊन मी बाजारतळ पालथा घातला. चिंचेखाली एकही कांडी नाही. चहाच्या टपरीवर एक यायची आणि बशी तोंडाला लावली की जायची. शेळ्यांच्या बाजूला शेळ्या उभ्या राहिल्या तर दोन, बसल्या तर शून्य. मी खुश होतो. शेवटी, आता कुठेच मिळत नाही हे पक्कं करायला, बैल भरायला आलेल्या एका ट्रकच्या टपावर चढलो. चारही कांड्या उभ्या राहिल्या. दौंडच्या बाजूने वारा यावा तशी रेंज आली. खाली उतरून खोटं सांगता आलं असतं. पण आयुष्यात एकदा खरं बोलून बघावं असा मोह झाला.

शनिवारी मामाने पहिल्या जोडीवाल्याचा हात धरला, रुमालाखाली बराच वेळ गेला, मग "मालकाला इचारतो" म्हणून तो टपावर चढला. फोन लागला. मामाने आधी ठेकेदाराच्या आईची तब्येत विचारली. मग हळू आवाजात आकडा सांगितला. तिकडे ऐकू जाईना. पुन्हा सांगितला. तिसऱ्या वेळी मामाच्या गळ्याच्या शिरा फुगल्या आणि चाळीस वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर पडलं.

"मी चौदाला आनतोय! पर न्हाईच जमलं तर तुमी सोळा हजारापत्तर जानार ना?"

बाजार गप्प झाला. बैलांनीही रवंथ थांबवला, असं मी आजवर सांगत आलोय. तिकडचं उत्तर कुणाला ऐकू आलं नाही, पण मामाची मान होकारार्थी हलली आणि ती उंचावर असल्याने शेवटच्या शेळीवाल्यालाही दिसली.

खाली उभा असलेला जोडीवाला शांतपणे म्हणाला, "दलाल, उतरा सावकाश. सोळा झालं म्हना."

त्या दिवशी ज्याला विचारावं तो सोळाच म्हणायचा. मामाने सोळाने चार जोड्या घेतल्या आणि थांबला. संध्याकाळी माझ्या बूथवरून त्याने ठेकेदाराला कळवलं. सोळाच द्यायचे होते तर मी गाडीवानालाही पाठवलं असतं, एवढंच तो म्हणाला. सहा जोड्या आणि एक शनिवार उरला होता.

चूक माझी होती. मी टपावरच्या कांड्या मोजल्या, टपाखालचे कान मोजले नाहीत. सोमवारी मामाने येऊन विचारलं, "भाच्या, कमी भाड्याचा कंचा?"

मी म्हटलं, मामा, तुम्हाला मिनिटं लागतात.

"मिनटं नगं मला," म्हणून त्याने स्वस्तातला प्लॅन घेतला. नवं खोकं माझ्याच बूथवर ठेवलं. आतून फक्त हँडसेट काढून नेला. चार्जर पिशवीसकट तसाच राहिला.

पुढच्या शनिवारी मामा पुन्हा टपावर. आवाज खणखणीत. "व्हय मालक. तेरा? तेराला कोन देतंय हो आजकाल? बरं, तुमी म्हंताय तर तेराच्या वर न्हाई जात मी." मधेच थांबून पलीकडचं ऐकल्यासारखी मान हलवायचा. खाली माणसांचे चेहरे उतरले. तो खाली आला, रुमाल टाकला, आणि पाच जोड्या तेराच्या आसपास मिळाल्या.

सहावी जोडी सोनईकडच्या एका म्हाताऱ्याची. खिलार, बाजारात सगळ्यांत देखणी. म्हाताऱ्याने हात पुढे केला नाही. मामाच्या हातातल्या फोनकडे बघत राहिला. मग जवळ सरकून, मामाला आणि मलाच ऐकू जाईल इतक्या हळू बोलला.

"माजा थोरला नगरला असतो, त्याच्याकडंबी असलाच फोन हाय. चालू असला म्हंजी वर हिरवा दिवा लुकलुकतो."

मामाने फोन खिशात टाकला. आजूबाजूला पाहिलं. मग म्हाताऱ्याचा हात धरला आणि वर रुमाल पसरला.

एवढा लांबलेला सौदा मी पाहिला नाही. मामाच्या कपाळावर घाम आला. म्हातारा आपल्या बैलांच्या शिंगांकडे बघत होता. शेवटी रुमाल उचलला गेला, गुलाल पडला, आणि म्हातारा कुणाशी एक शब्दही न बोलता चहाला गेला.

ठेकेदाराला मामाने सहाही जोड्यांचा मिळून एकच आकडा सांगितला. तो खुश झाला आणि पुढच्या हंगामाचंही काम देऊन टाकलं. शेवटची जोडी कितीला पडली, हे मी मामाला त्यानंतर बऱ्याचदा विचारलं. तो नुसता माझा हात हातात घ्यायचा, जरा दाबायचा आणि सोडून द्यायचा.

मला बोटांची ती भाषा येत नव्हती.