कोठीच्या खोलीचं पोलाद

"पत्रो वाकाक व्हयो, साहेब. फुटाक नको."

दहा मिलिमीटर जाडीच्या प्लेटलाही ते पत्रोच म्हणत. आणि म्हणण्याआधी तिच्यावर तळहात ठेवत, ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा.

कुवेतमधल्या मीना अल-अहमदी बंदराजवळच्या आमच्या यार्डात ते वेल्डिंगचे फोरमन होते. मालवणकडचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. आणि भित्रे. तुम्ही म्हणाल, असं कुणाबद्दल लिहू नये. पण ते स्वतःच सांगत, "मी घाबरट माणूस. म्हणान अजून जिवंत आसंय." नव्वद साली इराकी सैन्य शिरलं तेव्हा ते कुवेतमध्येच अडकले होते. शेजारच्या घराची भिंत बाहेर उघडणाऱ्या दारावर कोसळली. आतला माणूस दोन दिवस दार ठोकत होता.

२००३ साली पुन्हा युद्धाची चर्चा सुरू झाली. शहरातल्या सलवा भागात आम्ही तळमजल्यावर राहायचो. मला एकट्याला सोडून नाशिकला जायला बायको तयार होईना. क्षेपणास्त्रांच्या भीतीनं मला झोप लागत नव्हती. शेवटी कोठीच्या खोलीला आतून पोलाद लावायचं ठरवलं. यार्डात अतिशय कडक प्लेटचे तुकडे उरले होते. मला वाटलं, जितकी कडक तितकी सुरक्षित.

मी त्यांना तसं सांगितलं. कडक प्लेटचे दोन तुकडे त्यांनी जोडले, साध्या प्लेटचे दोन जोडले, गार होऊ दिले आणि घण घातला. साधी प्लेट नुसती वाकली. कडक प्लेट जोडाच्या कडेनं टणकन तडकली.

"ह्या आवाजाची माका भीती वाटता," ते म्हणाले.

साधी प्लेटच लावली. दार आत उघडणारं केलं. सुट्टीचे चार शुक्रवार ते माझ्या घरी राबले.

युद्ध सुरू झालं. शेवटची कडी बसवून झाली त्याच दुपारी हल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला. मी बायकोला आणि मुलीला आत ढकललं. मुलगी रडत विचारत होती, "बाबा, इज अंकल कमिंग?"

ते हत्यारांची पिशवी घेऊन बाहेरच उभे होते. चेहरा पांढराफटक.

"काका, आत या!" बायको ओरडली.

"नको, वयनी. माझी बारा माणसां फिंतासच्या लेबर कॅम्पात आसत. वर नुसतो पत्रो."

"अहो, पण अशा भोंग्यात?"

"माका भीती वाटता. तेंकाय वाटत असतली."

मी काहीच बोललो नाही. खरं सांगतो, दार लवकर लागावं एवढंच मला वाटत होतं. त्यांनी ते बाहेरून ओढून घेतलं. मी कडी घातली. थोड्या वेळानं समुद्राकडून धमाका ऐकू आला, आणि बायकोनं माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ते यार्डात आले. बाराही माणसांना त्यांनी काँक्रीटच्या मोठ्या पाइपात बसवलं होतं. सगळे सुखरूप होते. मला पाहून विचारलं, "दार नीट लागला मां?"

मी मान हलवली.

त्या उन्हाळ्यात ते गावी गेले, ते परतले नाहीत. तोवर आम्ही रोज भेटत होतो. त्या दुपारी मी त्यांना 'थांबा' म्हटलं नाही, हे एकदा तरी त्यांच्याशी बोलायला हवं होतं. मला जमलं नाही.