हवेत राहिलेला हात

पैसे देण्यासाठी कुणी पुढे केलेला हात तुम्ही कधी तसाच मागे पाठवला आहे का? घाईने ‘नाही’ म्हणू नका. मीही असंच म्हणाले असते.

तीन वर्षांपूर्वी मी बीडच्या बसस्थानकावरून निघाले, तेव्हा ऑगस्टची सकाळ होती. पुण्याची गाडी लागलेली, कंडक्टर ओरडतोय, माय माझ्या पिशवीत धपाट्यांचा डबा तिसऱ्यांदा नीट लावतेय. अण्णा, म्हणजे माझे वडील, खांद्याला पुस्तिकांची झोळी अडकवून खिडकीखाली उभे. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशातून चार घड्यांची एक नोट काढली. शंभर क्रोनर, म्हणजे मी शिकायला निघाले होते त्या स्वीडनची नोट. पुण्याला जाणाऱ्या कुणाला तरी सांगून त्यांनी ती मागवली होती.

“बघ, निळी हाय,” अण्णा म्हणाले. “देश चांगला दिसतो.”

मी हसले. त्यांनी खिडकीच्या गजांतून माझा तळहात ओढून घेतला, नोट त्यावर ठेवली आणि बोटं मिटली. “करुणे, तिथं गेल्यावर पहिला पैसा तुझ्या हातानं तिथल्या माणसाच्या हातात जाऊ दे. खाली ठेवू नको. हातात दे, हातात घे.”

हे वाक्य मी बोलायला शिकण्याआधी ऐकलं असेल. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते. सुट्टीच्या दिवशी आणि जयंतीला, दसऱ्याला ते निळं कापड अंथरून पुस्तिका विकायचे. सोळा पानांच्या. ग्रामसभेत काय विचारायचं, रेशनचा अर्ज कसा लिहायचा, गावच्या पाणवठ्यावर कायद्याने कुणाचा हक्क आहे. छापखान्यातून आलेले ओले कागद मी आणि माय घरात वाळत घालायचो, घड्या घालून टाचण्या मारायचो. वर्णमालेच्या पुस्तकाआधी मी ह्या पुस्तिका वाचल्या. अण्णा त्या फुकट देत नसत, कारण फुकटचं कुणी वाचत नाही. किंमत आधी एक रुपया होती, शेवटी पाच झाली. पण पैसे कापडावर ठेवले की ते उचलत नसत. तळहात पुढे करून शांत बसायचे. माणूस ओशाळून पैसे उचलायचा आणि त्यांच्या हातात द्यायचा.

शेजारी बांगड्यांचा गाडा लावणारे सलीमचाचा गिऱ्हाइकांसमोरच टोमणा मारायचे, “अण्णा, पैसे घेतोस का ह्यांचं नशीब बघतोस बे?”

“तुझं बघून झालंय. लई वाईट हाय,” अण्णा म्हणायचे.

ह्या हट्टामागे एक फळी होती. अण्णांचं गाव लिंबागणेशच्या अलीकडे. लहानपणी ते आईबरोबर दुकानात जायचे. दुकानाबाहेर एक फळी होती. आजीने पैसे त्या फळीवर ठेवायचे आणि चार पावलं मागे सरायचं. दुकानदार पैशांवर पाणी शिंपडायचा, मग उचलायचा. मीठ वरून तिच्या पदरात टाकायचा. आजोबांनी धम्म घेतला, घरातले देव गेले, पण फळी तिथेच होती. एकदा आजी विसरली आणि तिने हातच पुढे केला. दुकानदाराने शिवी दिली नाही. त्याने नुसतं फळीकडे बोट दाखवलं. अण्णा सांगायचे, “माय तशीच उभी राह्यली, हात पुढं करून. ते बोट मला अजून दिसतं.”

स्वीडनमध्ये उतरल्यावर मी ती नोट सर्वांत आधी बस ड्रायव्हरपुढे धरली. त्याने मान हलवली आणि दाराजवळच्या यंत्राकडे बोट दाखवलं. दुकानात दूध-पाव घेतला, नोट पुढे केली. काउंटरवरच्या मुलीने हसून पाटी दाखवली. आम्ही रोख रक्कम घेत नाही. औषधाचं दुकान, ग्रंथालय, कपडे धुण्याची जागा, सगळीकडे पाटी. इथल्या लोकांचं फोनवरचं पैशांचं ॲप मला मिळेना, कारण त्यासाठी इथला ओळख क्रमांक लागतो आणि तो यायला कित्येक महिने जातात. भारतातून आणलेल्या कार्डासाठी बँक बीडच्या माझ्या नंबरवर संदेश पाठवायची आणि तो नंबर इथे मुका. त्या दिवसांत खिशात पैसे असूनही मी दोनदा उपाशी झोपले. एकदा वर्गातल्या मुलीने तिच्या फोनवरून माझ्या जेवणाचे पैसे भरले. मी निळी नोट तिच्या हातात ठेवायला गेले, तर ती म्हणाली, ठेव गं, मी हिचं काय करू?

मला राग यायचा. पण सहा महिन्यांनी ओळख क्रमांक आला, ॲप आलं, कार्ड आलं आणि राग कुठे गेला ते कळलं नाही. कार्ड यंत्रापाशी नेलं की झालं. मी मैत्रिणींना अभिमानाने सांगायचे, बघा, यंत्राला जात कळत नाही. कुठे फळी नाही, कुठे पाणी नाही. ते खोटंही नव्हतं. इथे माझं आडनाव ऐकून कुणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. निळी नोट पाकिटाच्या मागच्या कप्प्यात गेली.

मग मला कॅफेत काम मिळालं आणि मी काउंटरच्या पलीकडे गेले.

इथल्या माझ्या दुसऱ्या हिवाळ्यातली, फेब्रुवारीतली एक दुपार. इस्पितळाच्या बाजूने एक म्हातारा आला. कोटावर बर्फ, मनगटावर दवाखान्याची कागदी पट्टी. त्याने कॉफी मागितली. मी ती ओतून पुढे ठेवली. त्याने खिशातून नोट काढली. चार घड्यांची. उलगडून माझ्यापुढे धरली.

मी यंत्राकडे बोट दाखवलं.

तो इथल्या भाषेत हळू काहीतरी म्हणाला. मला शिकवलेलं वाक्य मी बोलले, शिकवलेलं हसले आणि पुन्हा बोट दाखवलं. मागे चार माणसं रांगेत होती. त्याचा हात तसाच होता. मग त्याने नोट खिशात घालायचा प्रयत्न केला. खिसा सापडेना. कॉफी तशीच ठेवून तो बाहेर पडला. मी कप सिंकमध्ये ओतला आणि पुढच्या माणसाला विचारलं, काय देऊ?

रविवारी हे मी अण्णांना फोनवर सांगितलं. गंमत म्हणून. बघा, इथल्या म्हाताऱ्यांनाही जमत नाही, असं काहीतरी. 

मग अण्णांनी विचारलं, “त्याचा हात किती येळ तसाच व्हता?”

मी विषय बदलला. त्यांनी मायकडे फोन दिला.

तीन आठवड्यांनी अण्णा गेले. झोपेतच. तिकीट मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. चुलतभावाने व्हिडिओ लावून फोन धरला आणि मी इथल्या खोलीत बसून बीड पाहिलं. एका क्षणी अण्णांचा उजवा हात पडद्यावर आला. चादरीच्या बाहेर, तळहात वर. कुणीतरी तो आत घेतला. माझ्या डोळ्यांसमोरून तो आजही आत गेलेला नाही. कॅफेचं दार उघडलं की मी वर बघते. बर्फ लागलेला प्रत्येक कोट मला त्या म्हाताऱ्याचाच वाटतो. तो पुन्हा कधी आला नाही.

ऑक्टोबरमध्ये, दसऱ्याच्या आधी, मी गावी गेले. माय तेलगावला मामाकडे होती, तिला आणायला निघाले. फाट्यावर उतरून मामासाठी भजी आणि पाण्याची बाटली मागितली. पाचशेची नोट पुढे केली.

हॉटेलवाल्याने कढईवरून मान वर न करता झाऱ्याने पाटीकडे दाखवलं. “स्कॅन करा ताई.”

“माझा इथला नंबर बंद झालाय. बाहेरच्या देशाचा आहे हा.”

बाकावरचा एक जण म्हणाला, “एवढा भारी फोन अन् चालत न्हाई व्हय!” दुसरा हसला, “फिरंगी झाल्या ताई. आता त्यांना इथलं चालत न्हाई.”

“पाचशेचे सुट्टे न्हाईत,” हॉटेलवाला म्हणाला. “स्कॅन करा, न्हाईतर ऱ्हाऊ द्या.”

तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या हातात झारा होता, मागे गिऱ्हाइकं होती. मीही वाईट नव्हते. माझा हात हवेत होता, त्यात नोट, आणि मी मनात आकडे मोजू लागले. बारापर्यंत गेले. बारा आकडे मोजायला फार वेळ लागतो. तेवढ्या वेळात एखादी बाई चार पावलं मागे सरू शकते.

“आण ते इकडं, माय!” मागून आवाज आला. “कावून उभी राह्यलीस तिथं?”

कडुलिंबाखाली सीताफळांच्या टोपल्या घेऊन एक बाई बसली होती. तिने माझ्या हातातून नोट घेतली, उन्हात धरून बघितली आणि उठली. जीपवाल्याकडून, पानटपरीवरून, शेजारच्या भाजीवालीकडून सुट्टे गोळा केले. भज्यांचे पैसे हॉटेलवाल्याला दिले, चार सीताफळं माझ्या पिशवीत टाकली. उरलेले पैसे माझ्या तळहातावर ठेवून तिने माझी बोटं मिटली. “नीट धर. एवढी वाळलीस, तिकडं खायला देत न्हाईत का?”

तिच्या टोपलीलाही स्कॅनरचा पुठ्ठा बांधला होता. मी विचारलं, हा कशाला मग?

“पोराचा हाय. पैसे त्याच्याकडं जातात,” ती म्हणाली. “मला नुसता पैसे आल्याचा आवाज येतो.”

दसऱ्याला मी आणि मायने अण्णांचं कापड अंथरलं. सलीमचाचा आले, कापडाचं टोक सरळ केलं. मग म्हणाले, “स्कॅनर लाव बेटी. तुझ्या बापाला लई येळा सांगितलं. पोरं पुस्तकाचा फोटू काढायची अन् निघून जायची. ऐकलं न्हाई त्यानं.”

इथे अण्णा चुकत होते, असं मला वाटतं. ज्या मुलीकडे फक्त फोन आहे, तिलाही आपण मागेच पाठवत होतो. मी मायच्या नावाचा स्कॅनर लावला. पण फोन निर्दोष आहे असंही समजू नका. यंत्राला जात कळत नाही, हे मी परदेशात म्हणाले होते. बीडच्या बाजारात माय पैसे भरते तेव्हा दुकानदाराच्या फोनवर तिचं नाव आडनावासकट उमटतं. काही जण ते वाचून वर बघतात आणि तो नजरेचा वेळ आम्हाला बरोबर ओळखू येतो. नोटेवर निदान आडनाव नव्हतं. तेव्हा मला फोन बंद करायचा नाही आणि नोटेची आरतीही ओवाळायची नाही. त्या दिवशी कापडावर स्कॅनर होता आणि शेजारी मायचा तळहात. एका म्हाताऱ्याने पाचाचं नाणं कापडावर ठेवलं. मायने ते उचललं नाही. तळहात पुढे करून शांत बसली. त्याने नाणं उचललं आणि तिच्या हातात दिलं.

मी स्वीडनला परत आले. डिसेंबरमध्ये कॅफेत एक बाई आली, हातात दोनशेची नोट. तिचं बिल शंभराच्या जवळपास होतं. ती पाटी वाचून वळलीच होती. मी तिला थांबवलं, माझं कार्ड यंत्राला लावलं आणि हात पुढे केला. तिने गोंधळून नोट माझ्या हातात दिली. तिला परत द्यायला माझ्याकडे एकच नोट होती. चार घड्यांची, निळी. मी ती तिच्या तळहातावर ठेवली. सव्वादोन वर्षं उशिरा, पण अण्णांचा पैसा तिथल्या माणसाच्या हातात गेला.

पण त्यामुळे त्या म्हाताऱ्याला त्याची कॉफी मिळाली नाही. अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर मला आजही देता येत नाही. तो हात किती वेळ हवेत होता, हे मी पाहिलंच नव्हतं. घर कुठे, असं इथे कुणी विचारलं तर मी बीड सांगते. पण घर म्हणजे मला आता तेलगाव फाट्यावरचा तो लिंब आठवतो, आणि ‘आण ते इकडं’ ही हाक.

म्हणून जे गावी राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, त्या दोघांकडे एकच मागते. दुकान असेल तर उद्यापासून गल्ल्यात सुट्टे ठेवा. दुकान नसेल तर रांगेत पुढच्याकडे बघा. कुणाचा फोन बंद असेल, कुणाकडे कार्ड नसेल, कुणी नोट धरून उभं असेल, तर त्याचे पैसे तुमच्या फोनवरून भरा आणि ती नोट त्याच्या हातातून तुमच्या हातात घ्या. बोट दाखवू नका. तळहात पुढे करा, आणि बारा आकडे व्हायच्या आत करा.