बोटीनं आलेलं तेल

घाटकोपरच्या आमच्या कॉलनीत फॉरेनचा वास समोरच्या दारातून यायचा. तिथे बोटवाल्या काकू राहायच्या. त्यांचे मिस्टर मालवाहू बोटीवर होते आणि सुटीवर येताना बॅगेतून निम्मं जग घेऊन यायचे. पावडरचे डबे, चॉकलेटं, आणि एक नेलकटर, ज्यानं आमच्या अख्ख्या मजल्याची नखं कापली. पण मान खरा साबणाचा. हिरव्या चकचकीत कागदातला तो साबण काकूंनी हॉलमधल्या शोकेसमध्ये गणपतीशेजारी बसवला होता. त्याला पाणी कधी लागलं नाही. पाहुणे आले की काकू काच सरकवायच्या आणि फर्मान सोडायच्या, "घ्या, वास घ्या. पण लांबून हं, वास कमी होतो."

हसू नका. आज माझी मुलगी साबण विकत घेण्याआधी अर्धा तास फळीसमोर उभी राहते. आम्हाला तेवढा वेळ लागायचाच नाही, कारण दुकानात असायचेच दोन-चार प्रकार. बाहेरच्या मालाला सरकारनं दार लावून घेतलं होतं. जे आत यायचं ते जबर जकात भरून, नाहीतर कुणाच्या तरी टॉवेलात गुंडाळून.

एक वस्तू मात्र सरकार स्वतःच परदेशातून आणायचं, तीही जहाजं भरभरून. ती म्हणजे पामतेल. पण ते मिळायचं रेशनच्या दुकानात, कळकट पिंपातून, हातपंपानं उपसून. मग त्याला फॉरेन कोण म्हणणार? 'घसा धरतो', 'टाळूला चिकटतं', 'थंडीत गोठतं'. बिचाऱ्या तेलाला बायका सवतीसारख्या बोलायच्या. कित्येक जणी आपल्या वाटणीचं तेल उचलायच्याच नाहीत.

ब्याऐंशी साली गिरण्यांचा संप चालू होता आणि गिरणीत कामाला असलेले माझे बाबा घरी बसले होते. बाबा म्हणजे गावच्या दशावतारात राजा व्हायचे, त्यामुळे घरी बसायचे तेही सिंहासनावर बसल्यासारखे. पण एका रात्री जेवताना राजानं मान खाली घालून सांगितलं, "दिवाळीनंतर बिऱ्हाड गावाक हलवूया. हयसर आता भागाचा नाय."

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. घास तोंडातच राहिला.

आई शांतपणे म्हणाली, "मी दिवाळीच्या चकल्यांच्या ऑर्डरी घेते. लोकांना आवडल्या तर वर्षभर करीन. नाही आवडल्या तर बांधते सामान."

आईची चकली म्हणजे काय सांगू! काटे असे, की दुर्वांची जुडी वाटावी. पहिली आणि सगळ्यात मोठी ऑर्डर बोटवाल्या काकूंनी दिली आणि त्यांचं बघून इमारतीतल्या उरलेल्या बायकांनीही दिल्या. काकूंची अट एकच होती. "शेंगदाणा तेलातली हवी गं. मला एका घासात कळतं."

भाजणी दळून आली, घरभर धन्याजिऱ्याचा वास सुटला, आणि शेंगदाणा तेल बाजारातून गायब झालं. दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर ते असंच गायब व्हायचं. कोपऱ्यावरचा वाणी गुजराती, त्याच्या भाषेत उद्यालाही कालच म्हणतात. तो आईला म्हणाला, "बेन, काल या." आई म्हणाली, "काल आलेच होते, तेव्हा उद्या या म्हणालात." मागच्या दारानं तो ज्या भावानं द्यायला तयार होता, त्या भावात चकली सोन्याच्या पेटीत घालून विकावी लागली असती.

तेव्हा बाबांनी राजाच्या आवाजात विचारलं, "अगं, आणि रेशनचं?"

आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की राजानं राज्य सोडून जावं. पण दुसरा उपाय नव्हता. मी दारोदार जाऊन विचारलं, "तुमचं पामतेल उचलणार नसाल तर आम्ही आणू का?" सगळ्यांनी आनंदानं कार्डं हातात ठेवली. बोटवाल्या काकूंनी तर हात जोडले. "ने बाई. आमच्याकडे ते दिव्यातसुद्धा घालत नाहीत."

आईनं आधी तेल कडकडीत तापवलं, वास जावा म्हणून त्यात चिंचेचा गोळा तळून काढून टाकला आणि मग पहिला घाणा सोडला. मी सोऱ्या दाबत होते, बाबा वारा घालत होते. म्हणजे आईला नव्हे, स्वतःला. चकली वर आली, सोनेरी, हलकी, तेलाचा थेंब न धरलेली. बाबांनी तोंडात टाकली आणि डोळे मिटले. "झकास. कोणाच्या बापाला कळणार नाही."

"कळेल," आई म्हणाली, "कारण मी सांगणार आहे."

"खुळी झालीस काय? सगळ्या परत जातील!"

"जाऊ देत. न सांगता कुणाच्या पोटात काही घालायचं नाही मला."

म्हणजे ऑर्डरी घेतलेल्या, माझं कॉलेज टांगणीला, आणि आईला सत्याची उबळ. मी मनातल्या मनात गावाकडची, कणकवलीची एस.टी. बघू लागले.

संध्याकाळी बायका डबे न्यायला जमल्या. सर्वांत पुढे बोटवाल्या काकू. त्यांनी एक चकली उचलली, कानाशी नेऊन मोडली, खाल्ली, आणि परीक्षकासारख्या मागे वळून सगळ्यांना म्हणाल्या, "बघा! शेंगदाण्याची चव लपत नाही."

"वहिनी," आई म्हणाली, "शेंगदाणा मिळालाच नाही. हे रेशनचं आहे."

काकूंचा जबडा थांबला. मागच्या दोघींनी डबे हळूच खाली ठेवले.

आणि मग आतल्या खोलीचा पडदा सरकला. खांद्यावर टॉवेल टाकून, छाती काढून, बाबा आले. राजाची तीच चाल, जिच्यावर गावात नारळ फुटायचे.

"वहिनी! एक विचारतो. मिस्टर सध्या कुठल्या बंदरात?"

काकू गोंधळल्या. "शेवटचं पत्र आलं ते सिंगापूरहून."

"सिंगापूर! त्याच्या शेजारीच मलेशिया. तिथल्या झाडांचं हे तेल. बोटीत चढलं, समुद्र ओलांडून मुंबई बंदरात उतरलं, आणि तुमच्या दारात आलं. ज्या पाण्यावरून तुमचा साबण आला ना, त्याच पाण्यावरून! साबणाला शोकेस, आणि याला पिंप? हा कुठला न्याय?"

कुणीतरी मागे फिसकन हसलं. मग दुसरी. पण सगळ्यांची नजर काकूंवर होती. त्या डबा ठेवून गेल्या असत्या तर बाकीच्याही त्यांच्या मागोमाग गेल्या असत्या, हे आईला माहीत होतं. तिनं पदर घट्ट धरला होता.

काकूंनी उरलेली अर्धी चकली निवांतपणे तोंडात टाकली. चावली. गिळली. आणि म्हणाल्या, "तरीच म्हटलं, इंपोर्टेड लागतंय."

खोली हास्यानं दणाणली. खाली ठेवलेले डबे परत वर उचलले गेले. आईनं तरी गप्प बसावं! पण नाही. "आणि वहिनी, यातलं थोडं तेल तुमच्याच कार्डावरचं आहे."

"हो? मग चार चकल्या जास्त घाल!"

आम्ही गावाला गेलो नाही. दिवाळीनंतरही ऑर्डरी येत राहिल्या, माझं कॉलेज झालं, आणि बाबा चकल्या पोचवायला जाताना प्रत्येक दारात मलेशियाचा प्रवेश नव्यानं करायला लागले. पुढे बाजाराची दारं उघडली, परदेशचा माल गल्लीतल्या दुकानात आला, पामतेल तर प्रत्येक बिस्किटात शिरलं. पुड्यामागे ते नाव वाचून लोक नाक मुरडतात, डॉक्टर तर मुरडायलाच सांगतात. मुरडोत बापडे. मी मात्र हळूच नमस्कार करते. मी कधीही न पाहिलेल्या कुठल्याशा झाडांनी माझं घर मुंबईत ठेवलं.

आणि हो, साबण. शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही आमच्या मजल्याची रीत. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी काकूंकडून आमचा डबा परत आला. आईनं झाकण काढलं आणि आतून हिरवा कागद चमकला. मी धावत जाऊन समोरच्या घरात डोकावले. गणपती एकटाच बसला होता.

मला वाटलं, आई आता तो साड्यांच्या घडीत ठेवेल. तिनं पहाटे सरळ कागद फाडला आणि उटण्याच्या वाटीशेजारी ठेवून दिला. "वापरायलाच दिलाय तिनं," म्हणाली.

सगळ्यांच्या आंघोळी झाल्या. शेवटी बाबा मोरीतून बाहेर आले, अंगातून वाफा निघत होत्या, वास पार जिन्यापर्यंत पोचलेला. दार उघडून ते समोरच्या दाराकडे बघत गरजले, "वहिनी! या, वास घ्या! अगदी जवळून घ्या!"

"मेल्या, आधी शर्ट घाल!" आतून काकू ओरडल्या.