फडकं बांधलेला तांब्या

आमच्या पुरुषांच्या वॉर्डात दारामागे एक फळी उभी असायची. सुताराकडून मुद्दाम करून घेतलेली. रोग्याचं हृदय बंद पडलं की ती त्याच्या पाठीखाली सरकवायची, कारण लोखंडी खाटेच्या स्प्रिंगांवर छाती दाबायला गेलं तर माणसाऐवजी खाटच खालीवर होते. छाती दाबून हृदय चालू करायचं हे तंत्र तेव्हा आमच्याकडे नवंच होतं. पुण्याहून आलेल्या एका तरुण डॉक्टरांनी गुंडाळलेल्या गादीवर आम्हा नर्सेसकडून ते घोटून घेतलं आणि प्रत्येकीला काम वाटून दिलं. एकीने फळी आणायची, एकीने फुग्याने श्वास द्यायचा, एकीने इंजेक्शन भरायचं. माझ्या वाट्याला नातेवाइकांना बाहेर काढायचं काम आलं.

ते मलाच का दिलं हे सांगायला नको. माझा आवाज खणखणीत आणि तोंड फटकळ. वॉर्डबॉय मला पाठीमागे हवालदारीण म्हणत. मला ते कळायचं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. चोवीस वर्षांची होते. मी 'बाहेर व्हा' म्हटलं की मिशीवाले पाटीलसुद्धा निमूट बाहेर व्हायचे.

नातेवाईक नकोत याला कारण होतं पाण्याचं. माणूस जातोय असं दिसलं की आपल्या लोकांचा हात आधी पाण्याकडे जातो. एकदा डॉक्टर छाती दाबत असतानाच एका म्हातारीने मागून येऊन लेकाच्या तोंडात पाणी ओतलं. ते सगळं श्वासनळीत गेलं. त्या दिवसापासून डॉक्टरांनी सांगून टाकलं की फळी बाहेर आली की घरच्या माणसाने आत थांबायचं नाही. त्यांचं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही.

आम्ही ख्रिस्ती. आमच्यात शेवटच्या वेळी पास्टर येऊन प्रार्थना करतात. पण प्रार्थना चालू असताना कुणीतरी चमच्याने पाणी घालतंच. माझ्या वडिलांनी, चांगल्या शिकल्यासवरल्या शाळामास्तरांनी, आपल्या थोरल्या भावाला असंच पाणी पाजलेलं मी पाहिलं होतं. धर्म बदलला तरी तहान थोडीच बदलते! तेव्हा मी लोकांना कशापासून अडवत होते, ते मला ठाऊक होतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मला न कळून घडलं असं कुणी समजायला नको.

ते दुष्काळाचं साल होतं. जामखेडकडे रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या एका माणसाच्या छातीत सकाळी कळ आली आणि मुकादमाने त्याला खडीच्या ट्रकमधून आमच्याकडे पाठवून दिलं. पन्नाशीचा असेल. केसांत, भुवयांत पांढरी धूळ. सोबत फक्त बायको. मुलंबाळं किती, असं मी कागद भरताना विचारलं, तर ती म्हणाली, "न्हाई झालं. आमी दोघंच." तिच्या कडेवर पितळी तांब्या होता. कामावरच्या टँकरचं पाणी. ट्रकमध्ये हिंदकळून सांडू नये म्हणून तांब्याच्या तोंडावर जुन्या लुगड्याचं फडकं घालून गळ्याशी गाठ मारलेली. एवढ्या लांबून आली, पण त्यातला थेंब सांडलेला नव्हता.

त्याला उलट्या होत होत्या, म्हणून तोंडाने काही द्यायचं नाही असं डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं. आणि त्याला तर तहान लागलेली. मी जवळून गेले की पाणी मागायचा. तिसऱ्यांदा मी नाही म्हटलं, तेव्हा बायकोकडे बघून हसला आणि म्हणाला, "बाईपरीस आमचा मुकादम बरा. त्यो पानी प्यायला तरी सोडतो."

मलाही हसू आलं. म्हटलं, "डॉक्टर येऊन बघू देत. मग मीच पाजते, पोटभर."

ओठांवरून ओला बोळा फिरवला असता तरी चाललं असतं. फिरवते म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. पुढच्या खाटेवरचा सलाईनची सुई उपटून बसला होता. त्याला झापण्यात माझा वेळ गेला.

दुपारी, जेवणाच्या गाड्या परत जात असताना, त्याच्या बायकोने हाक मारली. मी वळले तर त्याचे डोळे वर गेलेले. फळी आली, डॉक्टर धावत आले आणि त्यांनी दाबायला सुरुवात केली. मी माझ्या कामाला लागले. तिच्या दंडाला धरलं.

ती ओरडली नाही. बायका ओरडतात, छाती बडवून घेतात, त्यांना बाहेर काढणं सोपं असतं. ही हळू आवाजात बोलत होती. "बाई, घोटभर. तेवढं घालू द्या. त्यास्नी माझ्याबिगर कुनी न्हाई वं पानी घालायला. असं तहानलेलं नगा जाऊ देऊ."

"बाहेर व्हा," मी म्हटलं. तिच्या हातातला तांब्या काढून घेतला, खिडकीत ठेवला, तिला व्हरांड्यात लोटलं आणि दार लावून दाराला पाठ लावून उभी राहिले.

समोर डॉक्टर घामाने निथळत होते. माझ्या पाठीमागे, फळकुटाच्या त्या दारापलीकडून, ती नवऱ्याशी बोलत होती. "आवं, मी हितंच हाय. भिऊ नगा. हितंच हाय मी." किती वेळ तरी तेच. खाटेच्या पायाशी तेव्हा कुणीही उभं नव्हतं. एक माणूस सहज मावेल एवढी जागा तिथे रिकामी होती. ती जागा मला दिसत होती. तरी मी दारापासून हलले नाही.

अर्ध्या तासाने डॉक्टर थांबले. तोंडावर पाणी मारून न बोलता निघून गेले. सांगायचं कामही मग माझ्याकडेच आलं.

मी दार उघडलं तेव्हा ती उंबऱ्याला टेकून बसली होती. माझ्या तोंडाकडे बघूनच तिला कळलं. ती रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "पानी घातलं का?"

आता मी काय सांगायला हवं होतं? खरं. खरं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "घातलं. माझ्या हाताने घातलं." आणि एवढ्यावर थांबावं ना! पुढे म्हटलं, "गिळलं त्यांनी."

तिने माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. मग मी खिडकीतला तांब्या आणून तिच्या हातात दिला. त्याच ट्रकमधून ती त्याला घेऊन गेली.

महिन्याभराने ती पुन्हा आली. मी ओळखलंही नाही, इतकी वाळली होती. पदराच्या गाठीतून तिने चोळीचा खण काढला, हिरवा, लाल काठाचा. म्हणाली, "ज्यानं पानी घातलं त्यो पोटचा. आमाला पोर न्हवतं, पर तू त्यांची लेक झालीस. नगं म्हनू नगंस." आजूबाजूचे रोगी बघत होते. मी खण घेतला. खोलीवर जाऊन ट्रंकेत सगळ्यात खाली टाकला. चोळी शिवायचा प्रश्नच नव्हता. त्या रात्री मी प्रार्थनेला बसले आणि तशीच उठले. खोटं बोलून कमावलेलं बापाचं नातं घेऊन देवाला काय सांगणार?

वर्षभर मी लोकांना दाराबाहेर काढत राहिले. आवाज मात्र पूर्वीसारखा चढत नसे. मेट्रनबाईंनी एकदा विचारलं, "घसा बसलाय का गं तुझा?" मी हो म्हटलं.

वर्ष झाल्यावर ती तिसऱ्यांदा आली, नवऱ्याच्या वर्षश्राद्धाचं बोलावणं घेऊन. "लेकीनं यायाच पायजे," म्हणाली. व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती, त्याच दाराजवळ. मला राहवलं नाही. मी तिच्या पायाशी खाली बसले आणि म्हटलं, "मावशी, मी पाणी घातलं नव्हतं. तुम्हाला खोटं सांगितलं. मी येणार नाही, माझा तो हक्क नाही." बोलता बोलता मला रडू फुटलं. युनिफॉर्मवर होते, लोक बघत होते, पण काही उपाय नव्हता.

माझ्या डोक्यावरची नर्सची टोपी वाकडी झाली होती ती तिने सरळ केली.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "तांब्याची गाठ मी मारलेलीच हुती. सोडलेली बी न्हवती."

फडकं बांधलेला, काठोकाठ भरलेला तांब्या मी माझ्याच हाताने तिला परत दिला होता. माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"मग खण कशाला आणलात?"

"तू माझ्यापायी खोटी झालीस. पोटची लेकच बोलंल की असं माझ्यासाठी." ती पदराच्या टोकाशी चाळा करत बोलत होती. "ट्रकात मी गाठ सोडली. त्यांचं डोकं मांडीव घेतलं नि घातलं पानी. आत न्हाई गेलं. गालावनं खाली आलं सारं, माझं लुगडं भिजलं. तवा तुझंच बोलनं धरून बसले. गिळलं म्हनलीस ना तू. तेच धरून बसले वरीसभर."

तिने माझा हात हातात घेतला. खडी फोडून तिच्या तळव्याची सालटं निघालेली होती.

"पर येक सांगू का लेकी? मला आत ठिवायचं हुतंस. पानी घातलं तर त्यास्नी अपाय हुईल, येवढं म्हनली असतीस तर मी नसतं घातलं. हातबी लावला नसता तांब्याला. पाय धरून गप हुबी ऱ्हायले असते."

ती उठली, तिथी पुन्हा एकदा सांगितली आणि एसटी स्टँडकडे निघाली. मी दाराशी उभी राहिले. वर्षभर त्या दारातून मी किती जणांना बाहेर काढलं होतं, आणि पाणी का घालायचं नाही, हे त्यांतल्या एकालाही सांगितलं नव्हतं.