इंटरवलमास्तरांचा दुसरा भाग

आमच्या इंटरवलमास्तरांनी आयुष्यात निदान हजार सिनेमे पाहिले असतील, पण सलग एकही नाही. हजार हा आकडा मी हात आखडून सांगतोय. एकेक सिनेमा ते सहा-सहा वेळा पाहत, तेही धरायचं तर मोजायला वेगळा कंडक्टर लागेल.

मास्तर पेण-रोहा एसटीचे कंडक्टर. कंडक्टरला मास्तर म्हणायची आमच्याकडची रीतच, पण 'इंटरवल' ही पदवी त्यांनी स्वतः कमावलेली. गाडी पेणहून एकला सुटायची आणि वडखळ, नागोठणे, भिसे खिंड करत पावणेतीनला रोह्याला टेकायची. पावणेपाचला परत. रोह्याच्या थिएटरचा खेळ तीनला. साडेचारला इंटरवलची बत्ती लागली की मास्तर बॅग खांद्याला लावून उठत, कारण गाडी काही हिरोसाठी थांबणार नव्हती. आठवड्यानं तोच सिनेमा पेणला यायचा. सिनेमाची ती लोखंडी पेटी यायची मास्तरांच्याच गाडीच्या टपावरून, माझ्या पोह्याच्या पापडांच्या रिकाम्या खोक्यांशेजारी. मी पेणचे पापड रोह्याच्या दुकानांना पोचवायचो, तेव्हा ह्या गाडीत माझा जन्मच गेला म्हणायचा. साडेसहाला पेणला पोचून, डेपोत बॅग जमा करून मास्तर थिएटरला जात, ते नेमके तिथल्या इंटरवलला. दारवान त्यांना तिकीट विचारत नसे. पेटी आणणाऱ्याला तिकीट विचारायचं म्हणजे नवरदेवाला मांडवात तू कोण विचारण्यासारखं.

म्हणजे दुपारी रोह्याला एका सिनेमाचा पहिला भाग आणि संध्याकाळी पेणला मागच्या आठवड्यातल्या सिनेमाचा दुसरा. एकदा त्यांच्या डोक्यात अशी सरमिसळ झाली की एका सिनेमातल्या आंधळ्या आईचे डोळे त्यांनी दुसऱ्याच सिनेमातल्या डॉक्टरकडून बरे करून घेतले. आम्ही चाळीस माणसं नागोठण्यापर्यंत डोळे पुसत होतो. मूळ सिनेमात ती बिचारी शेवटपर्यंत आंधळीच होती, हे कळलं तेव्हा आम्हाला सिनेमावाल्यांचाच राग आला.

मास्तरांचं मत म्हणजे मत. ते वडखळला सुरू व्हायचं आणि भिसे खिंडीत गाडी कण्हायला लागली की निकालाला यायचं. "जुन्या पिक्चरात माणसं तोंड झाकून रडायची," ते म्हणत, "आता तोंड दाखवून रडतात. म्हणून आपल्याला पाणी येत नाय." हिरो गरीब आहे असं सांगून त्याच्या शर्टाला कडक इस्त्री दिसली की तो सिनेमा त्यांच्या मनातून उतरायचा. आणि सगळ्यात मोठी तक्रार एसटी खात्याच्या वतीनं. "एवढ्या पिक्चरांत एस्टी दाखवली, एका तरी हिरोनं तिकीट काढलं काय? सरळ टपावर जाऊन गाणं! आणि कंडक्टर कुठं हाय? नुसता डायवर गाडी नेतोय. मग घंटी कोण मारतो, ह्याचा बाप?" हे सांगताना एकदा त्यांचा हात दोरीला लागला. एक घंटी म्हणजे थांबा. गाडी ऐन चढावर थांबली आणि ती पुन्हा हलेपर्यंत आमची आणखी दोन सिनेमांवरची मतं ऐकून झाली.

ह्या सगळ्यात एक कडक कायदा होता. पहिला भाग पाहिल्यावर दुसऱ्यात काय होईल ते मास्तर स्वतः ठरवत, आठवडाभर भांडत, पण कोणी आधी सांगायचं नाही. "दुसरा भाग सांगील त्याला भिसे खिंडीत उतरवीन." ही नुसती धमकी नव्हती. नागोठण्याच्या एका शाळामास्तरानं "अहो, तो खुनी म्हणजे..." एवढंच म्हटलं आणि पुढचा मैलभर तो आपली छत्री घेऊन आमच्या मागून चालत येताना दिसला. मैल नसेल, पण छत्री होती.

त्यांना उलटून बोलणारी गाडीत एकच, भिकीबाय. धरमतरकडची. वडखळला सुक्या मासळीची टोपली घेऊन चढायची आणि मास्तरांच्या सीटशेजारी खाली बसायची. तिनं थिएटर आतून किती वेळा पाहिलं होतं देव जाणे, पण मत प्रत्येक सिनेमावर तयार. "मास्तर, तुजा हिरो सुकटासारका हाय," ती म्हणे. "वास लय, खायला कय नाय." मास्तर दुसऱ्या कोणाला असं बोलू देत नसत. भिकीबाय बोलली की ते तिकिटाच्या पेटीवर चिमटा वाजवत गप्प बसत.

एकदा मी त्यांना विचारलं, "मास्तर, तोच अर्धा सिनेमा सहा दिवस बघता? एक दिवस स्टँडावर पाठ टेकावी, झोप काढावी."

"रोज नवा दिसतो," एवढंच म्हणून ते पुढं तिकिटं फाडायला गेले.

खरं कारण भिकीबायनं सांगितलं. रोह्याच्या स्टँडासमोर रस्त्यापलीकडं एक मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं आणि त्याच्या मागं दोन खोल्या. तिथं मास्तरांची लेक राहायची, सुशी. चार वर्षांपूर्वी तिनं त्या रिवायंडिंगवाल्याशी आपल्या मनानं लग्न केलं आणि मास्तरांनी घरचं दार लावलं ते लावलंच. पुढं ड्यूटी नेमकी रोह्याची लागली. बदली मागितली असती तर मिळाली असती, पण मागितली नाही. रोज पावणेतीनला गाडी लागली की समोरच्या दारात सुशी उभी राहायची. मास्तर मान खाली घालून थिएटरकडं वळायचे. दीड-दोन तास काळोख असलेली तेवढी एकच जागा त्या गावात होती.

"पिच्चर बगाला जातो व्हय तो?" भिकीबाय म्हणाली. "लपाला जातो."

आणि मग तो बाप-लेकीचा सिनेमा आला.

पहिल्या दिवशी मास्तर इंटरवलला उठून गाडीत आले ते बोलेचनात. वडखळ आलं तरी मत नाही. गाडीत अशी शांतता पसरली की ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेऊन मागं पाहिलं, कंडक्टर वाटेत पडला की काय म्हणून. दुसऱ्या दिवशी कळलं. सिनेमातला बाप मनाविरुद्ध लग्न केलेल्या मुलीला घराबाहेर काढतो, दार लावतो, आणि त्या बंद दारावर इंटरवल.

"बाप बरोबर हाय," मास्तर म्हणाले. "दुसऱ्या भागात तो दार उघडणार नाय."

"मंग दुसऱ्या भागात दोन तास दारच दाकवतील कय?" भिकीबाय म्हणाली. "सुताराचा पिच्चर हाय?"

गाडी हसली. मास्तर हसले नाहीत. मंगळवारी ते म्हणाले, "पोरीनं येऊन माफी मागितली तर तो उघडील." बुधवारी म्हणाले, "माफी नको, नुसती आली तरी पुरे." गुरुवारी मत इतकं खाली आलं होतं की पोरीनं लांबून हाक मारली तरी चालणार होतं.

"दार कोनी लावला?" भिकीबायनं विचारलं.

"बापानं."

"मंग ज्यानं लावला त्याच्याच हाताला कडी गावल ना? पोरीला भायेरशी कशी गावल?"

मास्तर तिकिटांची पेटी आवरायला लागले. पण "पेणला दुसरा भाग बघतो, मग बोलू," असं ते ज्या आवाजात म्हणाले, तो सिनेमाविषयी बोलणाऱ्या माणसाचा आवाज नव्हता.

शुक्रवारी रोह्याला मी पापडांचे रिकामे खोके टपावर चढवत होतो. शेजारची पेटीची जागाही रिकामीच. सिनेमा थेट महाडला पाठवला होता, पेणला येणारच नव्हता. मास्तर शिडीवर अर्ध्यात उभे राहून त्या रिकाम्या टपाकडं असे बघत होते, जणू तिथून माणूस उचलून नेलंय.

"हा दुसरा भाग मी बघणारच," ते म्हणाले.

एरवी सुट्टीच्या दिवशी हा माणूस शेतावर असायचा. आता त्यानं त्या पेटीचा पाठलाग सुरू केला. पहिल्या सुट्टीला महाडला गेले, तर पेटी आदल्या दिवशी पोलादपूरला गेलेली. दुसऱ्या सुट्टीला पोलादपूरला पोचले आणि इंटरवल संपता संपता वीज गेली. ती यायच्या आत परतीची गाडी आली. तिसऱ्या सुट्टीला थेट खेडला. तिथं रीळ तुटलं आणि मालकानं पब्लिक खवळू नये म्हणून दुसऱ्याच सिनेमाचा दुसरा भाग लावला, त्यात बापही नाही आणि लेकही नाही, नुसते डाकू. ह्यातलं किती खरं ते मला विचारू नका, मी मास्तरांच्या तोंडून ऐकलं आणि वाटेत थोडं माझं घातलं. चौथ्या सुट्टीला ती पेटी घाटावर गेली आणि माग तुटला.

मग इंटरवलमास्तरांनी जे कधी केलं नव्हतं ते केलं. गाडी वडखळ सोडून पुढं निघाल्यावर मधल्या वाटेत उभे राहून त्यांनी विचारलं, "कोणी सांगतं काय, पुढं काय होतं?"

गाडीत रोह्याची पंधरा-वीस माणसं होती. सगळ्यांनी तो सिनेमा पाहिलेला. मीही मेव्हण्याकडं मुक्कामाला राहून सहाच्या खेळाला पाहिला होता. पण आमच्या तोंडावर भिकीबायनं आठवडाभर आधीच कुलूप लावलं होतं. जो सांगेल त्याच्या टोपीत बोंबील कोंबीन, असा तिचा दम होता.

"कायदा तुजाच ना, मास्तर?" ती म्हणाली. "दुसरा भाग सांगल त्याला खिंडीत उतरवाचा. आमाला नाय चालाचा उनात."

"कायदा मोडला. सांग."

"मी नाय बगला. तुजे सुशीनं बगलाय. जा, तिला इचार."

मास्तरांनी दोरीवरचा हात काढला आणि जाऊन आपल्या सीटवर बसले. त्या दिवशी ते थिएटरला गेले. दुसऱ्या दिवशीही. पण तिथं काय चाललंय ह्यावर त्यांचं मत नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "काय तरी हाय रंगीत."

तिसऱ्या दिवशी गाडी रोह्याला लागली. मास्तर उतरले, थिएटरच्या दिशेनं दहा पावलं गेले, थांबले. मग टोपी सारखी केली, शर्टाची बटणं लावली आणि रस्ता ओलांडला. मी पापडांचं पुडकं काखेत मारून मागोमाग. मला त्या बाजूला काहीही काम नव्हतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

सुशी दारातच होती. मास्तर पायरीच्या खाली उभे राहिले आणि तिकीट तपासणाऱ्याच्या आवाजात म्हणाले, "तो बाप-लेकीचा पिक्चर बघितलास काय तू?"

सुशीनं पदराला हात पुसले. "बघितला," म्हणाली.

"दुसऱ्या भागात काय होतं?"

"मोठा आहे, बाबा. उभ्या उभ्या सांगण्यासारखा नाही. आत या."

मास्तरांनी चपला काढल्या. एक सरळ पडली, एक उलटी. ती उलटी सरळ करायला ते वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग आत गेले.

त्या दिवशी पावणेपाचची गाडी पाचला सुटली. ड्रायव्हर सगळा वेळ एका चांगल्या टायरला लाथा मारून तपासत होता आणि चाळीस उतारूंपैकी एकानंही घड्याळ पाहिलं नाही. मास्तर आले, त्यांनी दोन घंट्या मारल्या. भिसे खिंड येईपर्यंत आम्ही कळ काढली.

"मंग, मास्तर?" भिकीबायनंच विचारलं. "कय होतं पुरं?"

"बाप जातो," मास्तर म्हणाले. "लेकीच्या घरी. चहा घेतो. ती म्हणते, साखर कमी घालते आता तुम्हाला. बस, एवढंच. पण काय काढलाय पिक्चर! असा पिक्चर मी बघितला नाय."

आता खरं सांगतो. त्या सिनेमात इंटरवलनंतर पाचव्या मिनिटाला बाप मरतो. पुढचा सगळा वेळ लेक घोड्यावर बसून एका जमीनदाराचा सूड घेते आणि शेवटी गोदाम पेटतं. गाडीतल्या वीस माणसांना हे ठाऊक होतं. घोडा मास्तरांच्या नाकासमोर उभा असल्यासारखे आम्ही बसलो होतो आणि एकानंही लगाम ओढला नाही.

"व्हय, असाच हाय," भिकीबाय म्हणाली. "मना बी सांगला कोनी तरी."

पुढं मास्तर रोह्याच्या थिएटरात दिसले नाहीत. मत मात्र चालूच. सुशी आणि जावई जाऊन सिनेमे पाहायचे आणि चहाबरोबर त्यांना सांगायचे, तेच वडखळ येईपर्यंत आमच्याकडं यायचे. जुन्या सिनेमांपेक्षा हे नवे बरे आहेत असं त्यांचं मत झालं. शेवट गोड असतात म्हणे. न पाहिलेल्या सिनेमांवर इतक्या ठामपणे बोलणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

भिकीबाय गेली. मास्तर रिटायर झाले, त्यांची कारभारीण गेल्यावर सुशीकडंच राहायला आले. माझे पापड आता टेम्पोनं जातात, पण रोह्याला गेलो की मी त्या दोन खोल्यांत डोकावायचो. शेवटचा गेलो त्या दुपारी टीव्हीवर एक जुना सिनेमा लागला होता. मास्तर खुर्चीत, डोळ्यांवर जाड भिंगं. मी बसलो आणि पडद्यावर बापानं दार लावलं. मी सिनेमा ओळखला. तोच. आता जाहिराती, आणि मग पाचव्या मिनिटाला...

मी सुशीकडं पाहिलं. ती हळूच म्हणाली, "काका, मी अजून पाहिलेला नाही हा. तेव्हाही नव्हता पाहिला. भिकीमावशीनं थाप मारली होती. बाबा दारात आले, तेव्हा हो म्हटलं."

जाहिराती सुरू झाल्या तसे मास्तर खुर्चीचा हात धरून उठले, टीव्हीपर्यंत गेले आणि त्यांनी तो बंद केला.

"अहो मास्तर, इंटरवल झालाय नुसता," मी म्हटलं. "पुढचं नाही बघायचं?"

"पुढचं मला ठाऊक हाय," इंटरवलमास्तर म्हणाले. "सुशे, चहा टाक."