उतरंडीचे सर

२०१९ साली मी अडुसष्ट वर्षांचा होतो. त्या साली कुंडलला आमच्या सोप्यात एक भाडेकरू आला. हा माणूस कुठंही जायचा तर उंबऱ्यात उभा राहून आधी हवेचा वास घ्यायचा, मग पाऊल आत टाकायचा. गोठा असो, देऊळ असो, लग्नघर असो. हे सर सोप्यातच अकरावी-बारावीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवायचे. आता सांगलीला असतात, पण गावात अजून 'उतरंडीचे सर' म्हणूनच त्यांची आठवण निघते.

नाव पडलं ते आमच्या मडक्यांमुळं. बायकोकडून मागून घेऊन त्यांनी सोप्यात उतरंडी रचल्या, मडक्यांवर खडूनं मूलद्रव्यांची नावं घातली. म्हणायचे, "तक्त्यातली उभी रांग म्हणजे एक घराणं. खाली जावं तसं मडकं मोठं, आणि स्वभावही बदलतो. वरच्याला बघून खालच्यावर विसंबू नका." पोरं हसायची. सर हसत नसत.

एकदा त्यांनी ऑक्सिजनच्या मडक्यावरनं बोट खाली गंधकावर आणलं. "हायड्रोजन वरच्याला भेटला की पाणी होतं, आपण पितो. खालच्याला भेटला की कुजक्या अंड्यासारखा वास मारणारा वायू होतो. तो माणसाचा जीव घेतो."

मी दारातनं म्हणालो, "आवं, गंधक आमी द्राक्षावर मारतोय की. कोन मेलं न्हाई."

"गंधक एकटा गरीब आहे, आण्णा. तो कुणाला भेटतो ते बघायचं." मग आवाज खाली आला. "माझा धाकटा भाऊ लोणंदला सांडपाण्याच्या टाकीत उतरला होता. आतनं ओरडला, 'वास गेला.' पुढं बोललाच नाही. त्या वायूनं आधी नाक मरतं."

त्या उन्हाळ्यात परसातल्या जुन्या विहिरीतली मोटार काढायची होती. तळाला वीतभर पाणी, त्यात वर्षानुवर्षांचा पाला कुजलेला. आमची रीत आजोबापासूनची: आधी पेटता कंदील सोडायचा, विझला नाही तर माणूस उतरायचा. कंदील तळाशी नीट जळत होता. माझा पोरगा दिलीप कमरेला दोर बांधून काठावर बसला.

"सकाळधरनं घाण येत हुती आण्णा," तो म्हणाला. "आता वास गेला बगा."

ते शब्द कानावर पडले तसे सोप्यातनं सर अनवाणी धावत आले. दोर धरून त्यांनी दिलीपला मागं ओढलं.

"कंदील जळतोय, दिसत न्हाई व्हय?" मी म्हणालो. "आमच्या हिरीवर आमास्नी शिकवू नका."

सर भांडले नाहीत. खुराड्यातली कोंबडी आणली, दोर लावलेल्या पाटीत बांधली आणि कंदिलाशेजारी सोडली. आम्ही सगळे वाकून बघत होतो. कंदील जळत राहिला. कोंबडीनं एकदा पंख उघडले आणि मान टाकली.

दिलीपनं कमरेचा दोर सोडला. कंदिलाची रीत खोटी नाही, हे मी आजही सांगतो. हवा संपली तर तो विझतो. पण विषाची त्याला खबर नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं यायच्या आधी मीच उतरंड रचली, सगळ्यांच्या मागं मांडी घालून बसलो, आणि सर आल्यावर विचारलं, "गंधकाच्या खाली कोन ऱ्हातंय?"